उसनी ट्यूब

खाज सुटली की आपण काय करतो? रूममेटच्या ड्रॉवरमधली ट्यूब उचलतो. मीही तेच केलं. पुढचे आठ महिने ती ट्यूब माझ्या चेहऱ्यावर राज्य करत होती. त्यातून सुटताना मला रस्त्याकडेच्या एका गवताची कुंडली कळली, आणि साधं दिसणारं जेल बनवायला किती डोकं लागतं तेही!

हिंजवडी म्हणजे पुणं, असं आपण सगळे धरून चालतो. सरकारी कागदावर मात्र ते मुळशी तालुक्यात येतं. म्हणजे एसीत बसून अमेरिकेतल्या क्लायंटला ‘गुड मॉर्निंग’ म्हणणारे आपण सगळे दिवसाचे दहा तास चक्क मुळशीकर असतो. मला हे उशिरा कळलं, आणि तेही माझ्या पापण्यांमुळे.

फेज थ्रीला जायला मी मागचा रस्ता धरतो. सूस, नांदे, माण आणि मग ऑफिस. ट्रॅफिक कमी, हवा मस्त, त्यामुळे हेल्मेटची काच कायम वर. एका एप्रिलमध्ये पापण्यांना खाज सुटली. मग कानामागे, मानेवर, कोपराच्या आतल्या बाजूला आणि सगळ्यात वाईट म्हणजे दाढीखाली. सोमवारच्या मीटिंगला मी कॅमेरा बंद ठेवला. मंगळवारीही.

‘‘अरे, माझ्याकडे ट्यूब आहे,’’ रूममेट म्हणाला. ‘‘रामबाण! मला जांघेत झालं होतं ना, दोन दिवसांत साफ.’’

जांघेतली ट्यूब तोंडाला लावायची, या कल्पनेनं क्षणभर कसंतरी झालं. पण खाज माणसाला सगळं करायला लावते. लावली. आणि काय सांगू, दोन दिवसांत चेहरा एकदम चकाचक! वर थोडा उजळलाही होता. ट्यूब संपली तशी कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरी आणली, मग तिसरी. चिठ्ठी कोणी मागितली नाही, मीही दाखवली नाही. लावली की बरं, थांबवली की दुप्पट खाज, असा खेळ ऑगस्टपर्यंत चालला. तोवर गालावर लाल रेषा उमटल्या होत्या, बारीक पुळ्या आल्या होत्या आणि उन्हात गेलं की चेहरा तव्यावर धरल्यासारखा वाटायचा. त्यात डिसेंबरमध्ये माझा साखरपुडा ठरलेला. आई फोनवर म्हणाली, ‘‘तोंडाला काय लावतोस रे? फोटोत भाजल्यासारखा दिसतोस.’’

आईनं बरोब्बर प्रश्न विचारला होता. त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनीही पहिला प्रश्न तोच विचारला.

थ्री-इन-वनचा झोल

मी मोबाइलवर ट्यूबचा फोटो दाखवला. मॅडमना आश्चर्य वाटलं नाही. असे फोटो त्या रोज पाहत असणार. ‘‘यात तीन औषधं आहेत. एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं आणि तिसरं कडक स्टेरॉइड. तुम्हाला बुरशी नाही, जंतूही नाहीत. तुम्हाला बरं वाटत होतं ते फक्त स्टेरॉइडमुळे. आणि आता चेहऱ्याला त्याची सवय लागलीय.’’

स्टेरॉइड म्हटलं की आपल्याला जिममधले दंड आठवतात. हे ते नव्हे. त्वचेवर लावायचं हायड्रोकॉर्टिसोन पहिल्यांदा १९५२ मध्ये यशस्वी ठरलं आणि एक्झिमाच्या उपचारांचं चित्रच पालटलं. आजही योग्य ताकदीचं, योग्य जागी आणि मोजके दिवस वापरलं तर त्यासारखा मित्र नाही. घोळ होतो तो वशिल्यानं मिळालेल्या ट्यूबमुळे. चेहऱ्याची कातडी पातळ असते. तिच्यावर कडक स्टेरॉइड महिनोन् महिने थापलं की ती आणखी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसायला लागतात, आणि थांबवलं की आग होते.

मी एकटाच शहाणा नाही, हे वाचून थोडं हायसं वाटलं. भारतातल्या बारा केंद्रांमध्ये चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातले ४३३ जण, म्हणजे साधारण १५ टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. अर्ध्याहून जास्त जणांना ते डॉक्टरांनी दिलंच नव्हतं! मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं त्वचेवर लावायची चौदा स्टेरॉइड्स चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कायदा आला. आपली सवय मात्र गेली नाही.

पाठीवरचा प्रश्नसंच

ट्यूब टप्प्याटप्प्यानं बंद झाली. पण मूळ खाज कशाची होती? त्यासाठी मॅडमनी पॅच टेस्ट करायला सांगितली. पाठीवर छोट्या छोट्या डब्यांच्या पट्ट्या चिकटवतात, प्रत्येक डबीत एक संशयित. निकेल, सुगंधी द्रव्यं, रबरातली रसायनं, प्रिझर्व्हेटिव्ह आणि आपल्याकडची काही खास मंडळी. ४८ तास पट्ट्या तशाच ठेवायच्या. आंघोळ नाही, जिम नाही. ही युक्ती जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योसेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडली आणि फंडा अजून तोच आहे.

इतका वेळ का? कारण ही ॲलर्जी आळशी असते. कोळंबी खाल्ल्यावर काही मिनिटांत गांधी उठतात, तो प्रकार वेगळा. इथे शरीरातल्या टी-पेशी आधी शत्रूला ओळखतात, मग जमवाजमव करतात. पुरळ यायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून तर रविवारी काय लागलं ते आपल्याला बुधवारी आठवत नाही.

पट्ट्या निघाल्या. एकच चौकोन लालबुंद फुगला होता.

‘‘गाजर गवत,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘रोज कुठून जाता?’’

सूस, नांदे, माण.

पुण्याचं जुनं दुखणं

गाजराच्या पानांसारखी पानं आणि वर पांढऱ्या फुलांचा झुबका. मोकळ्या प्लॉटवर, डिव्हायडरवर, बांधकामाच्या पत्र्यामागे, जिथे माती उकरून सोडलीय तिथे हे हजर. कोणी काँग्रेस गवत म्हणतं, कोणी चटक चांदणी. शास्त्रीय नाव पार्थेनियम. मूळ गाव अमेरिका खंडाचा उष्ण प्रदेश. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते भारतात पसरलं असं मानलं जातं.

आणि आपल्यासाठी खास बातमी अशी की, भारतातल्या त्याच्या फैलावाची कहाणी सुरू होते ती पुण्यातच. १९५०च्या दशकात इथल्या कचऱ्याच्या ढिगांवर ते दिसलं. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. एक झाड हजारो बिया टाकतं. पुढे ते देशभर झालं यात नवल नाही.

मग माणसं खाजवायला लागली. चेहरा, मान, पापण्या, हाताची कोपरं. उघड्या राहणाऱ्या आणि घडी पडणाऱ्या जागा. पुण्यातले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या रुग्णांवर लिहिलं, आणि ही साथ जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांना माहीत झाली. गुन्हेगार आहे पार्थेनिन नावाचं रसायन. गवताला हात लावायचीही गरज नाही. सुकलेल्या झाडाचे बारीक कण हवेतून येऊन बसतात. हेल्मेटची काच वर असली की मग विचारायलाच नको!

म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी पुण्यात जे झालं, तेच मला फेज थ्रीच्या वाटेवर झालं होतं. उन्हाळ्यात, मास्क न लावता, ताशी साठच्या वेगानं.

पिठलं आणि जेल

मॅडमनी मला मॉइश्चरायझर दिलं, पापण्यांसाठी स्टेरॉइड नसलेलं एक मलम दिलं आणि दाढीच्या भागासाठी एक सौम्य जेल. ‘‘मोजून दहा दिवस. अकराव्या दिवशी नाही.’’ पण एकाच चेहऱ्याला एका ठिकाणी मलम आणि दुसऱ्या ठिकाणी जेल का? हा प्रश्न घेऊन मी एका रविवारी पिरंगुटला मिसळ खायला गेलो. सोबत फार्मसी केलेला माझा जुना मित्र. तो ह्याच तालुक्यातल्या एका प्रयोगशाळेत त्वचेवर लावायची औषधं बनवतो. ग्रुपमध्ये त्याचं नाव ‘मलमवाला’.

आपण आयटीवाले मुळशीला आपलंच समजतो. पण हिंजवडीत औषध कंपन्याही आहेत, आणि मी रोज ज्या नांद्यावरून जातो त्या गावात लुपिनचं संशोधन केंद्र आहे. खाज सुटते तोही मुळशी तालुका, आणि औषधांवर काम चालतं तोही.

‘‘जेल म्हणजे काय, तर पाण्याला उभं करणं,’’ मलमवाला म्हणाला. ‘‘तुझ्या ट्यूबमध्ये बहुतेक पाणीच असतं. त्यात कार्बोमर नावाची पांढरी पावडर टाकतात. शंभर ग्रॅमला अर्धा ते एक ग्रॅम पुरते.’’

‘‘एवढ्यानं घट्ट होतं?’’

‘‘पिठलं केलंयस कधी? पीठ एकदम ओतलं की गुठळ्या. तसंच हे. ढवळत ढवळत भुरभुरायचं. तरी सुरुवातीला पातळच राहतं, कारण ते आम्लधर्मी असतं. मग थेंब थेंब अल्कली घालायची. पावडरीचे गुंडाळलेले धागे उलगडतात, पाणी धरून ठेवतात आणि बघता बघता चमचा उभा राहतो.’’

हे जेल ट्यूबमध्ये घट्ट असतं, बोटानं दाबलं की सैल होतं, पसरतं आणि मागे तेलकटपणा ठेवत नाही. म्हणून ते केसाळ जागी चालतं. दाढी, डोकं, छाती. मलम तिथे लावलं तर नुसता चिकटा. पण उलटंही खरं आहे. जाड, कोरड्या, भेगाळलेल्या कातडीला मलमच हवं, कारण ते ओल धरून ठेवतं. काही जेलमध्ये अल्कोहोल असतं, ते फाटलेल्या कातडीवर झणझणतं. २००६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं डेसोनाइड या सौम्य स्टेरॉइडचं जेल मुद्दाम अल्कोहोलशिवाय बनवलं होतं. ते तीन महिन्यांपुढच्या बाळांच्या एक्झिमासाठीही होतं. झणझणलं असतं तर बाळानं घर डोक्यावर घेतलं असतं!

भिंतीपलीकडे किती?

‘‘पण खरी डोकेदुखी घट्टपणाची नाहीये,’’ तो तर्रीकडे वळत म्हणाला. ‘‘खरा प्रश्न आहे, आत किती जातं?’’

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा मृत थर केसाहूनही पातळ असतो, साधारण १० ते २० मायक्रॉन. पण तटबंदी अशी, की बहुतेक रसायनं बाहेरच राहतात. जाणकारांचा ढोबळ नियम असा आहे की रेणूचं वजन ५०० डाल्टनच्या आत असलं तर तो या भिंतीतून जाऊ शकतो. हा नियम २००० मध्ये मांडला गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत टॅक्रोलिमस मलमाला मंजुरी मिळाली, आणि टॅक्रोलिमसचं वजन ८०४! मग ते चालतं कसं? एक्झिमा झालेल्या कातडीची भिंत आधीच पडलेली असते, तिथून ते आत शिरतं. कातडी बरी होत गेली की त्याचा शिरकावही कमी होतो. पुढची औषधं मात्र लहान चणीची आली. २०१६ चं क्रिसाबोरोल मलम २५१ डाल्टनचं, २०२१ चं रक्सोलिटिनिब क्रीम ३०६ चं.

नुसता रेणू लहान असून भागत नाही. तो कशात मिसळलाय यावर ताकद बदलते. बीटामेथासोन डायप्रोपिओनेट हे स्टेरॉइड घ्या. औषध तेच, टक्केवारी तीच, पण बेस बदलला की ते थेट सगळ्यात कडक गटात जाऊन बसतं. म्हणजे ट्यूबवरचा आकडा वाचून ‘०.०५ टक्के म्हणजे किरकोळ’ असं समजणारे आपण पुरते फसतो.

हे मोजायला काचेचं एक छोटं यंत्र वापरतात, फ्रान्झ सेल. १९७० च्या दशकात टी. जे. फ्रान्झ यांनी ते लोकप्रिय केलं. वर जेल, मध्ये पडदा किंवा कातडीचा तुकडा, खाली द्रव. कातडी ३२ अंशांवर ठेवायची आणि तासातासाला खालून नमुना काढून किती औषध उतरलं ते पाहायचं. कमी उतरलं तर खाज जाणार नाही. जास्त उतरलं तर रक्तात जाईल. स्टेरॉइडसाठी आणखी एक मजेशीर चाचणी आहे, १९६२ सालची. हातावर औषध लावायचं आणि कातडी किती पांढरी पडते ते बघायचं. स्टेरॉइडनं रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून. जेवढं पांढरं तेवढं कडक. माझा चेहरा उजळला होता, त्यामागे हीच करामत होती. आणि मी खूश होतो!

मग ट्यूब सहा महिने ४० अंश तापमानात आणि ७५ टक्के दमटपणात ठेवायची. जेल फुटलं का, रंग बदलला का, औषध उरलं किती, जंतू वाढले का. ‘‘आम्ही एक जेल बनवतो तेव्हा त्याची वीस-पंचवीस भावंडं कचऱ्यात जातात,’’ मलमवाला म्हणाला. ‘‘आणि तू ते रूममेटकडून उसनं घेतोस.’’

मी मिसळीत पाव बुडवला. बोलण्यासारखं काही नव्हतं.

औषधाचीच ॲलर्जी

सगळ्यात भारी गोष्ट त्यानं चहाच्या वेळी सांगितली. ॲलर्जीचं औषध बनवताना सगळ्यात मोठी भीती कशाची, तर त्या औषधाचीच ॲलर्जी येण्याची. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना दरवर्षी एक ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ निवडते. २००५ चा मान कुणाला? स्टेरॉइड्सना! २०१८ चा प्रॉपिलीन ग्लायकॉलला. हा द्रव औषध विरघळवायला आणि आत ढकलायला कितीतरी जेलमध्ये घालतात. २०१९ मध्ये मात्र त्यांनी गंमत केली. पॅराबेन या बदनाम प्रिझर्व्हेटिव्हला ‘नॉन-ॲलर्जन’ ठरवून टाकलं, कारण त्याची ॲलर्जी फार कमी जणांना होते. आपण मात्र ‘पॅराबेन फ्री’ वाचून जास्तीचे दोनशे रुपये मोजतो.

म्हणून ॲलर्जीच्या जेलची यादी जितकी छोटी तितकी बरी. सुगंध नाही, रंग नाही, नको तो एकही घटक नाही. दिसायला गरीब, वासाला काहीच नाही. दुकानात ते उठून दिसत नाही, आणि तेच त्याचं कौशल्य.

हे लक्षात ठेवा, बॉस

१. उसनी ट्यूब नको. त्याची खाज आणि तुमची खाज वेगळी असू शकते. ज्या जागेसाठी दिली, त्या जागेपलीकडे तर नकोच नको.

२. नावात दोन-तीन औषधं जोडलेली दिसली, की चेहऱ्याला लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

३. किती लावायचं? तर्जनीच्या टोकापासून शेवटच्या पेरापर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढा. साधारण अर्धा ग्रॅम होतं. तेवढं दोन तळव्यांइतक्या जागेला पुरतं. हे माप १९९१ पासून डॉक्टर वापरतात.

४. खूप दिवस स्टेरॉइड लावलं असेल तर घाबरून एका रात्रीत बंद करू नका. डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू उतरवतील.

५. खाज परत परत येत असेल तर नव्या ट्यूबपेक्षा पॅच टेस्टवर खर्च करा.

६. टू-व्हीलरवर असाल तर काच खाली, बाह्या पूर्ण. ऑफिसला पोचल्यावर आधी तोंड धुवा, मग कॉफी.

डिसेंबरमध्ये साखरपुडा झाला. गालावरच्या रेषा पूर्ण गेल्या नव्हत्या, फोटोग्राफरनं ‘टच-अप’ करू का विचारलं. मी नको म्हणालो. तिला सगळं आधीच सांगितलं होतं. गवताचं, ट्यूबचं, जांघेचंही. ती इतकी हसली की अंगठी घालताना हात हलत होता.

अजूनही मी त्याच रस्त्यानं जातो. आमच्या बिल्डिंगमागच्या प्लॉटवर यंदा पावसाळ्यात गाजर गवत पुन्हा उगवलं. फुलं यायच्या आत सोसायटीतल्या सात-आठ जणांनी हातमोजे घालून ते मुळासकट उपटलं. मला दूर गॅलरीत उभं केलं होतं, सुपरवायझर म्हणून. रूममेटही उपटत होता. मध्येच मान खाजवत त्यानं वर पाहिलं आणि ओरडला, ‘‘ए, ती तुझी ट्यूब आहे का रे?’’

मी त्याला मॅडमचा नंबर दिला.